एकदा जाळलेला माणूस

बाई,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही असताना मी कधी तुमच्यासमोर आपणहून बोलले नाही. हजेरीलाही माझा आवाज टेबलापर्यंत पोहोचत नसे आणि तुम्ही चष्म्यावरून पाहून खूण करीत असा. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. इतक्या काळानंतर गेलेल्या माणसाला आपल्या घरातल्या मरणाची हकीकत ऐकवणे हा आगाऊपणाच आहे. पण जे घडले त्यात तुमच्या शिकवण्याचा वाटा आहे, आणि ते तपासून देणारे दुसरे कुणी मला माहीत नाही.

नववीतला तो तास तुमच्या लक्षात नसेल. बाबा जाऊन जेमतेम महिना झालेला आहे. तुम्ही फळ्यावर विषय लिहिता: वडिलांच्या निधनामुळे रजा मिळण्याबाबत मुख्याध्यापकांना अर्ज. वर्गाला तो नुसता विषय आहे. मी दोन पाने लिहिते. बाबांनी शेवटी पाणी मागितले आणि ते पिता आले नाही, हेसुद्धा लिहिते. तुम्ही ती पाने सर्वांसमोर मोठ्याने वाचता, वाचता वाचता एकेक वाक्य तांबड्या शाईने खोडता, आणि शेवटी चार ओळी उरतात. "अर्जात रडू नये," तुम्ही म्हणता. "वाचणाऱ्याला रडण्याचा पगार नसतो." मागच्या बाकावर कुणीतरी हसते. त्याच संध्याकाळी तुम्ही मला दिग्रसच्या तुमच्या घरी नेलेत, स्वयंपाकघरात पाटावर बसवलेत आणि पोळ्या लाटता लाटता तोच अर्ज पुन्हा लिहायला सांगितलात. माझे अक्षर थरथरले की लाटणे थांबे. चार ओळी बिनचूक उतरल्या, तेव्हा तव्यावरची पोळी तूप-गूळ घालून माझ्या हातात दिलीत, आणि निघताना स्वतःचा इंग्रजी-मराठी शब्दकोश. त्या दिवशी मी तुमचा द्वेष केला आणि दहावीत मराठीत तालुक्यात पहिली आले. दोन्ही गोष्टी तुमच्यामुळेच झाल्या.

माझा थोरला भाऊ, दादा, आधी वणीकडे कोळशाचे ट्रक चालवीत असे. मग आखातात एका कंपनीच्या ट्रेलरवर गेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास तिथल्या रस्त्यावर अपघातात तो गेला. बातमी फोनवर आली ती हिंदीत, म्हणून सगळ्यांना समजली. त्यानंतरचे सगळे इंग्रजीत आले, म्हणून ते माझ्याकडे आले. घरचे कर्ते बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा. ते ओसरीवर खाटेवर बसून म्हणाले, "तालुक्यात पयली आलती ना तू? मंग लिव. घरी आन त्याले." त्यांनी ते सहज म्हटले, जणू गंजीवरून वैरण आणायची होती.

मी शब्दकोश उघडला आणि लिहू लागले. कंपनीला लिहिले, दूतावासाला लिहिले, पुन्हा कंपनीला लिहिले. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, रद्द केलेला पासपोर्ट, आईचे संमतीपत्र; एक कागद आला की तो दुसरा मागे. पोलिसांची चौकशी संपेपर्यंत मृतदेह सुटणार नव्हता. मी एकदाही रडले नाही. प्रत्येक अर्ज चार ओळींचा. आई रोज कापूस वेचून यायची, कमरेची ओटी सोडायची आणि दारातूनच विचारायची, "कवा येते?" मी म्हणे, येईल. तिला एवढेच हवे होते: एकदा त्याचे तोंड पाहायचे. घराला सुतक होते, ते फिटत नव्हते, कारण अग्नीच दिलेला नव्हता. आणि मोठेबाबांच्या मुलीचे लग्न माघात ठरलेले होते. सोयरे थांबायला तयार नव्हते. दादाविषयी ते हळहळले, आणि दुसरी मुलगी पाहायला लागले असल्याचेही त्यांनी त्याच फोनवर कळवले.

तेव्हा मोठेबाबांनी दिग्रसहून क्रियाकर्म करणाऱ्या महाराजांना आणले. देह मिळत नसेल तर पळसाचा माणूस करून त्याला अग्नी देतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला तो प्रकार पुस्तकातून माहीत होता. आमच्याच शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या पळसाची पाने देठांसकट तोडून आणली, नाल्याकाठी ती माणसाच्या आकारात मांडली आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वर दादाचा शर्ट पांघरला. बायकांनी तिथे जायचे नसते, तरी आई गेली. तिला कुणी अडवले नाही, कारण हे खरे प्रेत आहे असे कुणालाच वाटत नव्हते. ती खाली बसते. पदराने नारळ पुसते. मग कनवटीची छोटी बाटली काढून त्यावर तेल चोळू लागते, लहानपणी आम्हाला चोळायची तसे, कानामागे बोट फिरवीत. नारळाला कान नसतात. मोठेबाबा म्हणतात, "भावजयबाई, आटपा. त्याले का लग्नाले जायाचं हाय?" चार-पाच पुरुष तोंड फिरवून हसतात. मीही तिथे उभी आहे, आणि मला वाईट वाटते ते हसण्याचे नव्हे. आई आता मला विचारणार नाही की तो कधी येतो, हे मला तिच्या हातांकडे पाहून कळते, आणि त्याचे वाईट वाटते.

तेरवी झाली. गाव जेवून गेले. मांडवाच्या बल्ल्या आल्या. हळद आठ दिवसांवर असताना दूतावासाचे पत्र आले: चौकशी पूर्ण झाली आहे, पेटी नागपूरच्या विमानतळापर्यंत पाठवता येईल, नातेवाइकांनी ती ताब्यात घ्यावी, अथवा तिथेच दफन करण्यास संमती द्यावी. माझ्या चार ओळींनी त्याला सोडवले होते, बाई. मी पळत ओसरीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठेबाबांनी न विचारता त्यांच्याशी बोलले.

त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "जाळलेल्या मानसाले पुन्हा कोन जाळते?"

मी म्हटले, महाराजांना विचारू, यावर काही तोड असेल.

"तोड हाय. पुन्हा सुतक. पुन्हा धा दिवस. आन माया पोरीची हळद वाळत ठिवू का?" ते उठून बल्ल्या मोजणाऱ्या गड्यांकडे जाता जाता वळले. "आन पाह्य, गावातलं कोनी खांदा देनार नाही. तू आन तुयी माय, दोघी मिळून उचला पेटी. तुया डिक्शनरीत खांदा असन तर पाह्य."

आई चुलीपुढे बसलेली होती. तिने सगळे ऐकले होते. मोठेबाबांची बाजू तिने आजवर घेतली नव्हती, ती आजही घेणार नाही, अशी माझी खात्री होती. तिने एकच विचारले: "तोंड पाह्यता येते का?" पत्राला वैद्यकीय टिपण जोडलेले होते. अर्थ मला शब्दकोशाशिवाय कळला होता. खोटे बोलणे सोपे होते. पेटी बंद असते, ती घरी आली असती आणि मग जे व्हायचे ते झाले असते. पण मी तिला वाचून दाखवले, शब्दाला शब्द, जसे तुम्ही शिकवले होते तसे: चेहरा ओळखण्याजोगा उरलेला नाही.

आईने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, "मंग कायले आनतं? पळसाच्याले तोंड तरी होतं. म्या पाह्यलं ना. तेल लावलं." मी म्हटले, आई, तो दादा नव्हता. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्या घरातली कुणी नव्हते. "तू पुस्तक वाचते," ती म्हणाली. "म्या पोरगा वाढोला. मले सांगू नोको कोन होता ते." मग तिने हात पुसून अंगठा पुढे केला. संमतीपत्रावर तो इतका स्वच्छ उमटला की रेषा मोजता याव्यात.

लग्न थाटात झाले. मोठेबाबांनी पंगतीत आईला स्वतः बुंदी वाढली. दादा कोणत्या गावात पुरला आहे ते पत्रात आहे; त्या नावाचा उच्चार मला येत नाही.

आई अजून कापूस वेचायला जाते. धुऱ्यावरच्या त्या पळसाखाली सावलीला बसते, कधी त्याच्या बुंध्याला हात लावते, आणि माझ्याशी जरूर तेवढे बोलते.

हे पत्र कुठेच जाणार नाही. ते चार ओळींपेक्षा लांबले आहे आणि तुम्ही ते सगळे खोडले असतेत. फक्त एक सांगते. मोठेबाबांनी नव्हे, आईनेही नव्हे, तो दफनाचा अर्ज मी लिहिला. कुठेही खोडाखोड नाही, एकही शब्द जास्त नाही, कुठे रडणे नाही. पाठवण्याआधी मी तो वाचला आणि क्षणभर, बाई, मला दादा आठवला नाही. वाटले, याला तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिले असतेत. आणि मी सुखावले. मग ईमेल पाठवण्याचे बटण दाबले. मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.