माटोळीतली डाळिंबं

मंगळवार, ५ ऑगस्ट
आधी दुरुस्ती. वाचनालयाच्या स्मरणिकेत मी लिहिलं की दत्तूआजोबांना केरीच्या तरीवर होडीवाल्या बुधोनं पकडून दिलं. या वहीतही मागे तसंच आहे. चूक. बुधोनं काहीच केलं नव्हतं.
मागचं खोडत नाही. माईआत्यानं पाटीवर अक्षरं शिकवताना सांगितलं होतं, चुकलेलं पुसू नये, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहावं. आज तिला लेख वाचून दाखवत होते. बुधोच्या वाक्यापाशी म्हणाली, "थांब."

बुधवार, ६
तिनं सांगितलं ते नीट लिहून ठेवते.
दत्तूआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. कम्युनिस्ट. डिचोलीच्या खाणींवर मजुरांची संघटना बांधत होते. वॉरंट निघालं तसे गोव्याच्या हद्दीपलीकडे गेले. त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी चोरून सर्वणला आले, आईला भेटायला. देव मानत नसत, तरी आईसाठी घाटावरची दोन डाळिंबं आणली. हद्द बंद होती, असलं फळ गावात दिसतच नव्हतं. माईआत्या, त्यांची धाकटी बहीण, नऊ वर्षांची. तिनं ती गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीत सगळ्यांत पुढे बांधली. दत्तूआजोबा पहाटेच परत निघाले. दिवसभर लोक दर्शनाला आले, रीतीप्रमाणे माटोळी वाखाणून गेले. पोर्तुगेज सरकारचा गावातला अधिकारी, रेजिदोर, तोही आला. वर बघून म्हणाला,
"बाय, हीं दाळिंबां खंयचीं गे?"
"दादान हाडलीं."
संध्याकाळी नदीवरच्या सगळ्या तरींवर शिपाई. दिवसभर आडवाटेनं चालत केरीला पोचलेले दत्तूआजोबा बुधोच्या होडीत सापडले, म्हणून नाव बुधोचं. घरात सगळ्यांना खरं माहीत होतं.
आमच्या माटोळीला डाळिंब चालत नाही. मला ती देवाची अट वाटायची.

शनिवार, ९
केरीहून शैलाताईंचा फोन. बुधोची नात, तिथे खाणावळ चालवतात. कोणीतरी स्मरणिका नेऊन दिली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आमकां संवय आसा गो. पूण छापून पयलेच खेपे आयलें."
खरं सांगायला हवं होतं. 'बघते' म्हटलं. बघते काय?

सोमवार, ११
वाचनालयाच्या चिटणिसांकडे गेले. शुद्धिपत्रक काढायला तयार आहेत: 'बुधोने' ऐवजी 'अज्ञात इसमाने'. अज्ञात नाही म्हटलं तर चष्मा काढून बसले. मग नाव दे म्हणाले.
नाव दिलं नाही. माईआत्याला न विचारता कसं देणार?

गुरुवार, १४
बाबांना कळलं. "म्हातारीला या वयात गावाच्या तोंडी देतेस? चार पावसाळे थांब."
म्हणजे ती जाईपर्यंत. हे त्यांनाही ऐकू आलं असावं. ताट तसंच सोडून उठले.

रविवार, १७
दत्तूआजोबा आग्वादच्या तुरुंगातून सुटून आल्यावर दर चवथीला एक वेळ बुधोकडे जेवत. घरचे म्हणत, कम्युनिस्ट तो, कुठेही जेवतो. मी लेखात हे कौतुकानं घातलंय. गोवा मुक्तीनंतर निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा पहिली सभा केरीला, बुधो शेजारी. म्हणजे बुधोचा दोष नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग चार लोकांत बोलले का नाहीत? बहिणीला जपलं, कबूल. पण खाणीवरच्या माणसाला न्याय मिळावा म्हणून तुरुंगात मार खाल्ला, आणि ज्याच्या पंगतीला बसत त्या एका माणसासाठी
उद्या लिहीन.

मंगळवार, १९
लिहिलं नाही. सुचत नाही असं नाही.

शुक्रवार, २२
माईआत्याला थेट विचारलं. नाव घालू का? ती वाती वळत होती. म्हणाली, दत्तूदादानं तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही, तेच तिला जड गेलं. विचारलं असतं तर रडून मोकळी झाली असती. नावाचं काही बोलली नाही.

रविवार, २४
दुरुस्ती लिहून झाली. एक पान. 'घरातल्या एका लहान मुलीच्या तोंडून' असं लिहिलं. रेघ मारली. नावाची जागा कोरी ठेवली आहे.
बाबांना सांगितलं, छापायला देण्याआधी हे केरीला शैलाताईंसमोर वाचणार, आणि चवथीला घरी या म्हणून सांगणार. ते म्हणाले, "माटोळी बांधायच्या दिवशी घर सोडून?" हो म्हटलं. त्याच दिवशी.
माईआत्या आतून ऐकत होती. बऱ्याच वेळानं दारात आली. "केरीची बस कितक्याक?"
पावणेआठ, मंगळवार, २६ ऑगस्ट.