माळीण दाराशी आली होती

बाबा, काल दारफाळणीचा सण झाला. दिवसभर उपास, पांढरं लुगडं आणि तीच प्रार्थना. काल लिहायचं नसतं, आज शिळा सण, म्हणून लिहायला बसले आहे. तुमच्याबद्दल मला अजूनही आदर वाटत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उगाच आशेने वाचाल.

अकोल्याच्या जुन्या शहरात आपलं एकच ज्यू, बेने इस्राएल बिऱ्हाड होतं. दहा पुरुष भरल्याशिवाय आपली सणाची प्रार्थना होत नाही, म्हणून तुम्ही अमरावती, बडनेरा, धामणगावहून माणसं गोळा करायचात. रेल्वेतला एक गार्ड नुसता दहावा म्हणून यायचा आणि भिंतीला टेकून घोरायचा. त्याची गणती व्हायची. आई आणि मी पडद्यामागे जाग्या असायचो, आमची नाही. तुम्ही नाकातून हिब्रू म्हणत सुटायचात, मालगाडी जाते तसं, कुठल्याही स्टेशनावर थांबायचं नाही. याचा अर्थ काय, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "अर्थ देवाला कळतो. तू उभी राहा." अर्थ तुम्हाला येत नव्हता, बाबा. सरळ तसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दारफाळणीला दार लावून घ्यायचं, सूर्य मावळेपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, ही आपली रीत. त्या वर्षी दिवस कलला आहे, तुम्ही शेवटच्या प्रार्थनेला उभे आहात, आणि कडी वाजते. शेजारची माळीण, जिच्याकडून आपण रोज भाजी घ्यायचो.

"कंपोंडरबाबू, पोरीले इचू चावला जी. दार काहून नाही उघडून राहिले?"

सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर तुम्ही, औषधाची पेटी खाटेखाली. आई उठली. म्हणणं न थांबवता तुम्ही तिला बोटाने खाली बसवलंत. बाहेर माळीण विनवत होती, आत दहा पुरुष डोलत होते. मग तिची पावलं दुसरी मदत शोधायला मोर्णा नदीकडे गेली. पोर पुढे वाचली, पण त्या संध्याकाळी तिचं ओरडणं गल्लीभर ऐकू येत होतं. त्या आवाजात तुम्ही उपास सोडलात आणि भात दोनदा वाढून घेतलात. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा, म्हणून तिच्या घरी खीर पाठवलीत. वाटी लख्ख घासून परत आली. खीर गाईला घातली, असं तिने आईला तोंडावर सांगितलं.

लग्नानंतर एकदा मुंबईला गेले होते, तेव्हा आपल्यातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याने मला त्या शेवटच्या प्रार्थनेचा अर्थ सांगितला. दिवस संपत आला आहे, दार लागतं आहे, ते लागायच्या आत आम्हाला आत घे, एवढंच तिच्यात मागितलं आहे. तुम्ही घसा कोरडा करून जे मागत होतात, तेच ती बाई तुमच्या दाराशी मागत होती. जीव वाचवायला सण मोडलाच पाहिजे, असं आपला धर्मच सांगतो, हेही तो म्हणाला. मला आधी हसू आलं, मग संताप. जन्मभर पुस्तक डोळ्यांपुढे धरलंत, आणि डोक्यात एक अक्षर शिरलं नाही.

आता आपले लोक अमरावतीला माझ्या घरी जमतात. सणाला माझं दार उघडं असतं. पहिल्या वर्षी एक काका कुरकुरले, रीत मोडली म्हणून. मी म्हटलं, तुमच्या घरचं लावा. दिवसभर बाहेरचं कुणी येत नाही, शेजारच्या कोंबड्या तेवढ्या आत शिरतात. पण शेवटच्या प्रार्थनेला मी त्या उघड्या दाराकडे बघत उभी राहते, आणि वर्षातून तेवढाच वेळ मला वाटतं, आपण खरंच कुणाकडे तरी काही मागतो आहोत.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे टाकणार? पेटीत लुगड्यांखाली राहील. एक मात्र सांगते. माझा धाकटा दीर मुंबईहून शुद्ध चाल शिकून आला आहे, फार सुंदर म्हणतो. तरी त्याच्यामागे म्हणताना माझ्या तोंडून तुमचीच चाल निघते, नाकातली, चुकीची, आणि रडू येतं. यंदा मी ठरवून त्याच्या चालीत म्हणून पाहिलं. रडू आलं नाही. मग पुन्हा तुमच्या चालीवर आले.