पिशवीचं काय ते मी ठरवीन

१३ जानेवारी
नशिराबादला शाळेत पोचेपर्यंत स्कूटीवर बोटं गारठली होती. नववी ब, समीकरणं. फळ्याकडे वळले आणि छातीतून एकदम वाफ चढली. मान, कान, टाळू. स्वेटर काढला तरी ब्लाउज पाठीला चिकटलेला. पोरी एकमेकींकडे बघत होत्या. थोड्या वेळाने सगळं ओसरलं आणि कुडकुडायला लागले.
पाटील मॅडम म्हणाल्या, "बीपी बघ." बघितलं. ठीक.
दिवाळीपासून चाललंय हे. कोणाला बोलले नाही.

१९ जाने.
पाळी नाही. गेल्या महिन्यात दोनदा आली, आता पत्ता नाही. गल्लीतल्या मेडिकलवर कसं मागणार, म्हणून पार रिंगरोडला जाऊन प्रेग्नन्सीचं किट आणलं. पंचेचाळीसाव्या वर्षी! सई पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि तिची आई बाथरूममध्ये रेघा मोजतेय.
एकच रेघ. हुश्श.
पण मग होतंय काय मला?

२६ जाने.
झेंडावंदन करून आले, भरीत केलं. सुनील "मीठ कमी आहे" म्हणाला, एवढंच. मी त्याच्यासमोरचं ताट उचलून ओट्यावर आदळलं. सासूबाईंचा घास हातातच. मग मोरीत जाऊन रडले, आणि रडल्याचाही राग आला.
परवा वर्गात 'कर्ण' हा शब्द आठवेना. काटकोन त्रिकोणाची सगळ्यात मोठी बाजू! इतकी वर्षं शिकवतेय. शेवटी पहिल्या बाकावरच्या पोरीने सांगितला. हसून वेळ मारून नेली. आतून मात्र…

३ फेब्रु.
आली. आली कसली, लोटली. चौथ्या तासाला खुर्चीवरून उठायची सोय राहिली नाही. पाटील मॅडमनी त्यांची शाल दिली, ती कमरेला गुंडाळून निघाले. मुख्याध्यापक दारातच. "काय झालं मॅडम?"
"पाळी आलीये सर. घरी जातेय."
त्यांनी खिशातून पेन काढलं, परत खिशात ठेवलं. मी चालू लागले. बरं वाटलं खरं सांगून.

५ फेब्रु.
सुनीलच्या ओळखीचे डॉक्टर. सोनोग्राफी. गर्भपिशवीत लहानशी गाठ आहे म्हणाले.
"मुलगी मोठी झाली ना? मग पिशवी काय कामाची? काढून टाकू, कटकट मिटेल."
हे सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून. मी विचारलं, घामाचं काय, झोपेचं काय, शब्द विसरतात त्याचं काय? "वय झालं की व्हायचंच." मेच्या सुट्टीतली तारीख दिली. शाळा बुडणार नाही, ही त्यातली सोय.
घरी सासूबाई, "काढली की सुटलीस. आमच्या नात्यात किती जणींनी काढल्या." गाडीत सुनील, "तुझ्याच भल्याचं आहे."
ताट आदळणारी मी, आणि इथे नेमकी गप्प.

९ फेब्रु., धुळे
अक्काकडे, थोरल्या बहिणीकडे आले. नात्यातल्या लग्नाच्या कामाचं निमित्त सांगितलं घरी. आई गेल्यावर हिनेच वाढवलं मला. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. ऑपरेशनचं सांगितलं तशी तिचे हात थांबले.
"कसाले काढस? कॅन्सर शे का?"
"नाही गं."
"मंग?"
मी शेंगा सोलायला घेतल्या. मग अक्का बोलली. तिची छत्तिसाव्या वर्षी काढली. कापूस वेचणीच्या आत उरकून घेऊ, असं सासऱ्यांनी ठरवलं. "माले कोणी इचारं नही. मी बी हो म्हनी दिन्हं." त्यानंतर हाडं धरली, झोप गेली, अंगाची आग आग. आम्ही भाऊबहिणी तिला चिडकी म्हणायचो.
"मन्ही चाळिशी उनीच नही. एकदम साठी उनी."
चाळिशी आलीच नाही, थेट साठी आली, हे ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. उद्या रजा. इथे एक डॉक्टर बाई आहेत, तिच्या सुनेच्या माहितीतल्या. अक्काच नेणार आहे.

१० फेब्रु.
डॉक्टर बाईंनी आधी खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मग नुसतं ऐकलं. घाम, राग, 'कर्ण', पाळीचा धिंगाणा, पहाटे छातीत होणारी धडधड. सगळं. सांगताना मलाच कळलं, किती साठवून ठेवलं होतं.
म्हणाल्या, पाळी कायमची जायच्या आधीची ही वर्षं असतात. हार्मोन वरखाली होतात, म्हणून हे सगळं. चाळिशीत सुरू होऊ शकतं. पेरिमेनोपॉज. "तुम्ही वेड्या होत नाही आहात," असंही म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं, पण विचारायचं होतं.
गाठ लहान आहे, लक्ष ठेवू. इतका रक्तस्राव झाला म्हणून आतलं अस्तर तपासायला पाठवलंय. थायरॉइडसाठी रक्त दिलं. हिमोग्लोबिन बरंच कमी, गोळ्या दिल्या. "काढायची वेळ आली तर मीच सांगेन. आज ती वेळ नाही."
बाहेर चहाच्या टपरीवर अक्काने चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "याले नाव शे! माले वाटे मीच खराब शे."
तिथेच तिचा हात धरून बसले. लोक बघत होते. बघू देत.

११ फेब्रु.
काल रात्री घरी पोचले. सकाळी पहिलं काम, त्या डॉक्टरांकडे फोन करून तारीख रद्द. मग सुनीलला सांगितलं.
"मला विचारायचं तरी!"
"तू मला विचारलं होतंस?"
रात्री उशी घेऊन हॉलमध्ये गेला. जाऊ दे.
सासूबाईंनी दिवसभर तोंड फिरवलं. संध्याकाळी भाकरी थापताना मागे येऊन उभ्या राहिल्या. "मलाही असंच व्हायचं गं. घरचे म्हणाले, बाहेरचं आहे. जामनेरकडे एका भगताकडे नेलं. त्याने सगळ्यांसमोर केस धरून ओढलं होतं."
भाकरी करपली. दोघींनी तशीच खाल्ली.

२४ फेब्रु.
अस्तराचा रिपोर्ट चांगला. थायरॉइडही ठीक. गाठ जूनमध्ये पुन्हा बघायची. घाम चालूच. आता वर्गात सरळ सांगते, थांबा, मॅडमना गरम होतंय. पोरी वहीने वारा घालतात. सुनील अजून हॉलमध्येच झोपतो, पण लोहाच्या गोळ्या संपल्या तर न सांगता घेऊन आला.

८ मार्च
महिला दिन. पालक महिलांचा मेळावा. मु.अ.नी मला विषय दिला होता 'स्त्री, त्यागाची मूर्ती'. माइक हातात घेतला आणि म्हटलं, त्याग पुढच्या वर्षी, आज पाळीवर बोलू.
मु.अ. खुर्चीत सरकले. मागून कोणीतरी खिदळलं. मी बोलत राहिले. शाल गुंडाळून गेले होते तेही सांगितलं. कोणालाही पिशवी काढू नका म्हणत नाही, काहींना खरंच काढावी लागते. पण तपासणी पूर्ण करा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि ठरवताना तुम्ही स्वतः तिथे असा.
खाली उतरल्यावर मु.अ. हळूच, "मॅडम, विषय सोडून बोललात."
"विषयावरच बोलले सर. आज दिवस कोणाचा आहे?"
बायकांनी घेरलं. सगळ्या एकदम बोलत होत्या. नववीतल्या एका मुलीची आई, रेखाताई, सगळ्या पांगेपर्यंत खांबाजवळ थांबली होती. चाळीससुद्धा नसेल. म्हणाली, "माझी तारीख सोमवारी आहे मॅडम. तपासणी एकदाच झाली. घरी कोण ऐकणार?"

९ मार्च
सकाळी रेखाताईला फोन लावला. तिच्या नवऱ्याने घेतला. "ती कामात आहे," म्हणाला, ठेवून दिला. परत लावला, उचललाच नाही.
सुनील पेपर वाचत होता. म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात कशाला पडतेस?" उत्तर न देता स्कूटीची किल्ली घेतली. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "जा गं तू."
रेखाताईचं घर गावाच्या टोकाला, केळीच्या बागेला लागून. दारात नवरा उभा. माझ्यापेक्षा लहानच. "मॅडम, डॉक्टर तुम्ही की ते?"
"ते. म्हणून आणखी एका डॉक्टरांना विचारा म्हणतेय. पटलं तर करा ऑपरेशन, मी स्वतः डबा घेऊन येईन दवाखान्यात."
"सगळं ठरलंय आमचं."
"आमचं म्हणजे कोणाकोणाचं?"
आतून रेखाताई बाहेर आली, पदराला पीठ लागलेलं. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, आत या. मला बोलायचंय, तुमच्यासमोर बोलायचंय."
तो दारातून हलेना. आणि नेमकी तेव्हाच माझ्या छातीतून ती वाफ निघाली, मानेवर, कपाळावर, घामाच्या धारा. पुसल्या नाहीत. त्याच्या बाजूने वाट काढून आत गेले, खुर्ची ओढली.
"आधी पंखा लावा," म्हटलं. "आणि तुम्हीही बसा भाऊ. वेळ लागणार आहे."