कांद्याची पेशी

नाशिक,
सोमवार

प्रिय उज्वला,

कळवणला थंडी कशी आहे? गुडघा जिना चढू देतो का? यजमानांना माझा नमस्कार सांग. मी उत्तम आहे. इतकी उत्तम, की सध्या जीवशास्त्र शिकवते आहे. हसू नकोस. तू तीस वर्षं तेच शिकवून निवृत्त झालीस, म्हणून ते अवघड असेल असं मला उगाच वाटत होतं.

विद्यार्थिनी एकच. तरन्नुम, नववीतली. तिची आई माजिदा माझे ब्लाउज शिवते. मुलगी ब्लाउज द्यायला आली आणि ह्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमधला सूक्ष्मदर्शक पाहून दारातच थबकली. (हे गेल्यापासून मी तो रोज पुसते, आत डोकावत मात्र नाही.) पुढच्या गुरुवारी तिच्या शाळेत निवड आहे. बाईंसमोर जी मुलगी एकटीनं कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करून पेशी दाखवील, ती जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकापाशी उभी राहणार. शाळेत सूक्ष्मदर्शक एक आणि मुली साठ. हिच्या वाट्याला तो अजून आलेला नाही. या मुलीनं आजवर तोंडानं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे मागितलं. मी लगेच हो म्हटलं.

आपल्या कॉन्व्हेंटात सगळं ‘सेल’ आणि ‘टिश्यू’. तिच्या पुस्तकात पेशी आणि ऊती. मला हे शब्द फार गोड वाटले. (ऊती म्हणजे आधी मी उवांचा प्रकार समजले होते, ते सोड.) तेव्हा तिच्या वडिलांना, रहेमानभाईंना, मी फोनवर शुद्ध मराठीत निरोप लिहिला: ‘रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे कांद्याची पेशी आहे. तरन्नुमला घेऊन या. कांदे आणा.’

आता मला काय ठाऊक, की त्यांच्या घरात पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी! चार वर्षांपूर्वी रहेमानभाईंचा सायखेड्याहून येणारा कांद्याचा टेम्पो एका लग्नाच्या मांडवात शिरला. त्याचा खटला अजून चालू आहे आणि घरात त्याला ‘कांद्याची केस’च म्हणतात. रविवारी दहाच्या ठोक्याला माझ्या दारात कोण? इस्त्रीचा शर्ट घातलेले रहेमानभाई, अर्धं पोतं कांदे, काळ्या कोटातले सोमनाथ वकील आणि सर्वांत मागे तरन्नुम. रविवार म्हणजे तडजोडीची लोकअदालत असणार, आणि ती माझ्या दिवाणखान्यात भरते, असं वकिलांनी ठरवून टाकलं होतं. मी चष्मा लावून दार उघडलं, तर मला न्यायाधीश समजून दोघं वाकलेच.

‘मॅडम, टेम्पो आपला, कबूल हे,’ रहेमानभाई उंबऱ्यातूनच सुरू झाले, ‘पण मांडव रोडवर कोणी टाकला, ते बी विचारा ना त्यांना!’

तरन्नुम हसून हसून जिन्यावर बसली. ‘अब्बू, ती पेशी नाही! पुस्तकातली पेशी!’

मी वकिलांनाही बसवून घेतलं. चहा झाला. मग मी स्वतः कांदा कापला, पापुद्रा काढला, आयोडीनचा थेंब टाकला, वर काच ठेवली आणि भिंग जुळवलं. अगं, काय सुरेख दिसलं! काळ्या कडांचे चकचकीत गोल. प्रत्येकाला मी पेशीभित्तिका समजावून सांगितली. ‘भिंत सामाईक आहे का?’ वकिलांनी विचारलं. (सवय.) रहेमानभाईंनी बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग म्हणाले, ‘ही पेशी दिसती तरी. आमच्या पेशीला चार वर्षं नुसती तारीख दिसती.’ तरन्नुमनं सर्वांत शेवटी पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. भारावली असणार.

तर असं आहे. शिकवणं हे मुळात आत्मविश्वासाचं काम, आणि तो आपल्याला सिस्टर बेनेडिक्टांनी भरपूर दिला.

तुझी,
मैना

ता. क. सगळे खाली उतरल्यावर तरन्नुम एकटीच परत वर आली. हळूच म्हणाली, ‘आंटी, ते हवेचे बुडबुडे होते. पेशी विटांसारख्या असतात.’ अब्बूंसमोर बोलली नाही. माझी लाज राखली.

आणखी एक ता. क. मग मीही तिला खरं सांगून टाकलं, की शाळेत माझी एकूण एक स्लाइड तू करून द्यायचीस आणि मी फक्त वर माझं नाव चिकटवायचे. मला वाटलं, पोरीचा माझ्यावरचा विश्वास उडेल. ती म्हणाली, ‘मग त्याच आंटींना बोलवा ना.’ पाहुण्यांची खोली झाडून ठेवली आहे.