डाव्या पंखाच्या आतलं नाव

ब्राउनवूड, टेक्सास
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय ओनिटा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तरी पाकिटावरूनच ओळखलं. तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. इथे तसं ठीक. गुडघा कुरकुरतो, पाऊस नाही, अंगणातल्या पेकानच्या झाडाला यंदा फळ कमी लागलंय. पूर्वी तू 'बडी' लिहायचीस, या वेळी 'डेल्बर्ट' लिहिलंस. तक्रार नाही, फक्त वाचलं एवढंच.

तुझ्या नातीला, केलाला, शाळेसाठी तुझ्या-माझ्या आईवर लिहायचंय आणि आई सांगायची त्या पंखातल्या नावाचा फोटो तिला हवाय. "तुझं विमान आईच्याच कारखान्यातलं, तिच्याच वर्षातलं. पंख उघड, निदान बघ तरी," असं तू लिहिलंस. फोटो पाठवता येणार नाही. डाव्या पंखाच्या आतला जुना रंग सत्त्याण्णव साली काढला. पत्र्याला पांढरा बुरा धरू लागला की तो उघडा करावाच लागतो. आत जे काही असेल ते त्यात गेलं.

विमान मात्र उत्तम आहे. लढाईला जाणाऱ्या पोरांना ज्यावर शिकवायचे, ते हे विमान. सप्टेंबर त्रेचाळीसमध्ये डॅलसच्या कारखान्यातून जसं निघालं, तसंच्या तसं मी ते उभं केलंय. आतला पिवळट हिरवा रंगसुद्धा विकतचा नाही, त्या काळच्या नमुन्यावरून मी स्वतः मिसळलेला. मिडलंडच्या मेळाव्यात दोनदा पहिलं बक्षीस मिळालं. आणि हे सगळं पुस्तकं वाचून, कुणाच्या हाताखाली न शिकता. माझ्याकडे परवाना नाही म्हणून दरवर्षी तपासणीची सही होमर टील करतो. तो म्हणतो, "डेल, तुझ्या विमानावर धूळसुद्धा नंबर जुळल्याशिवाय बसत नाही."

खरं सांगायचं तर थकलोय. दोन वर्षांत मी ते उडवलेलं नाही. हँगरमध्ये जातो, खुर्ची टाकतो, त्याच्याकडे बघत बसतो आणि संध्याकाळी दार लावून घरी येतो.

वर 'जे काही असेल ते गेलं' असं लिहिलंय. ते पान फाडणार होतो, पण राहू दे. काय होतं ते मला माहीत आहे.

ब्याण्णवचं थँक्सगिव्हिंगचं जेवण तू विसरली नसशील. आईने नेहमीप्रमाणे सांगायला घेतलं, की मी कारखान्यात पंखाच्या आत शिरून पत्रे जोडायचे रिव्हेट बसवलेत, आत माझं नाव आहे. मी उठलो आणि खोलीतून तिच्या हजेरीच्या कार्डाची नक्कल घेऊन आलो. तीन महिने पत्रव्यवहार करून मिळवली होती. सगळ्यांसमोर वाचली. "आई, तू सामानाच्या स्टोअरमध्ये होतीस. तू रिव्हेट मोजायचीस, बसवत नव्हतीस. कागद खोटं बोलत नाही." ती ताटाकडे बघत म्हणाली, "बरं बाळा. तुझ्याकडे कागद आहे."

तू रुमाल टेबलावर आपटलास. "जिंकलास ना? आता टर्कीही एकटाच खा!" म्हणालीस आणि गेलीस. त्यानंतर आईने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. पुढे तीन वर्षं होती ती. एकदाही नाही.

ती गेल्यावर दोन वर्षांनी मी डावा पंख उतरवला. खालचा पत्रा काढला. तिसऱ्या फासळीच्या मागे निळ्या मेणपेन्सिलीने लिहिलं होतं: 'एफी हडलस्टन, स्टोअर. मी मावते.'

स्टोअर. म्हणजे माझा कागद खरा होता. आणि तीही खरी होती. रिव्हेट ठोकताना कुणीतरी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. आई जेमतेम पाच फूट. आत शिरायला अंगाने बारीक कुणी लागलं की मुली स्टोअरमधून तिला बोलावून नेत असणार. "मुली मला हाका मारायच्या," असं ती सांगायची ना? कुठल्या मुली, कशासाठी, हे मी कधी विचारलंच नाही. बहुधा पुष्कळ पंखांत लिहिलं असेल तिने. त्यातला एक माझ्याकडे आला.

तेव्हा फोन करून 'चुकलो' म्हणायला एकटी तूच उरली होतीस. मी चिंधी थिनरमध्ये बुडवली. पहिल्या हाताला 'मी मावते' गेलं. तिथे थांबता आलं असतं. थांबलो नाही. होमर मागून आला. "काय रे पुसतोयस एवढं मन लावून?"

"मळ," मी म्हटलं.

सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग तुझं पत्र आलं, आणि ऐक मी काय केलं. गुरुवारी तिथला रंग खरवडला. आईच्या हातची पाककृतींची कार्डं समोर ठेवली, तशीच निळी पेन्सिल शोधून आणली. चार वेळा भंगार पत्र्यावर गिरवलं, पाचव्यांदा पंखात लिहिलं. फोटो काढला. होमरला दाखवला तर त्याने टोपीच काढली. "अरे देवा! इतकी वर्षं कुठे दडली होती ही?" तेव्हा कळलं, तुलाही पटणार. पाकिटाला तिकीट लावून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी ते पुसलं. आईचं नाव दुसऱ्यांदा पुसलं. या वेळी होमरला सगळं सांगितलं. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "मला कशाला सांगतोस, डेल? बहिणीला सांग."

म्हणून सांगतोय.

आता तिथे दोन तळव्यांएवढा पत्रा उघडाच ठेवलाय, रंग दिलेला नाही. पुढच्या महिन्यात मिडलंडचे परीक्षक आरसा घालून बघतील आणि गुण कापतील. कापू देत. खालच्या झाकणाला बावीस स्क्रू आहेत, मी चारच लावून ठेवलेत. तुला यावंसं वाटलं तर पाच मिनिटांत उघडतं. दिसणार काही नाही, हे आधीच सांगतो.

केलाला फोटो देता येत नाही, पण हे पत्र दे. डावा पंख, तिसरी फासळी, मागची बाजू. निळी पेन्सिल, अक्षरं पाऊण इंच उंच, 'हडलस्टन'चा शेवट खाली घसरलेला. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. तारीख वर घातली आहे, सही खाली करतो. शाळेत कुणी विचारलंच, तर आईच्या बाजूनेही आता एक कागद आहे.

रिव्हेट मोजणाऱ्या बाईचा मुलगा,
डेल्बर्ट