उत्तरपूजेआधी

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
२७ ऑक्टोबर १९९७

ती. मोठ्या भाऊजींस, मीराचा शि. सा. न. वि. वि.

आज कारखान्यांचे सरकारी निरीक्षक आले होते. मलाही गाळ्यावर बोलावलं. वार्निश वाळवायच्या ओव्हनचं दार समोरच्या भिंतीपाशी पडलं आहे. हे जिथे उभे होते, तिथली फरशी धुतली आहे.

घाडीशेठ माझ्यासमोर म्हणाले, आत्माराम हुशार होता, पण वाफ जायचं भोक उघडायला विसरला.

बाहेर रिटा भेटली. वसईजवळच्या गिरीजची, ह्यांच्या हाताखाली काम करणारी. ती म्हणाली, वहिनी, खंडेनवमीला शेठनी ओव्हनची पूजा केली आणि देवीचं वस्त्र नि नारळ नेमका त्या भोकावर ठेवला. सोमवारी सरांनी ते उतरवून वार्निश लावलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आत वाळत लावल्या. सर जेवायला गेले, तेवढ्यात शेठनी सगळं परत वर ठेवलं. भटजी मंगळवारी येणार, उत्तरपूजेआधी हलवायचं नाही, म्हणाले. आत थिनरची वाफ कोंडली. सर परत आले, वस्त्र पाहून ओरडत धावले आणि भडका उडाला.

घाडी तुमच्या गावचे. नोकरी तुम्हीच लावून दिलीत. त्यांना विचारा.

जाऊबाईंना नमस्कार. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त असू द्या.

मीरा


कणकवली
२ नोव्हेंबर १९९७

चि. मीरास, श्रीपतचे अ. उ. आ.

पत्र पोचले. घाडी दिवाळीला गावी आले, तेव्हा घरी येऊन गेले. माणूस खचला आहे. म्हणतो, पूजेत काही उणे राहिले, देवीचा कोप झाला, शांत करून घेतो. त्या रिटाचे काय ऐकतेस? तिला आपल्या पूजेतले काय कळते? निरीक्षकांना 'विसरले' एवढेच सांग. आत्मा काही परत येणार नाही.

नवा ओव्हन येतो आहे. आत्माच्या जागी आपल्या पोराला, सुमेधला घेतो म्हणाले. बी.एस्सी. होऊन घरीच बसला आहे. तुझ्याकडे राहील, तुलाही सोबत. डोके शांत ठेव. आमची माया आहे तशीच आहे.

तुझा,
श्रीपत


तुळिंज
७ नोव्हेंबर १९९७

ती. मोठ्या भाऊजींस, सा. न.

माझ्या नावाआधी सौ. लिहून खोडलंत, ते दिसलं. त्याचा राग नाही. राग पुढच्या मजकुराचा आहे.

कोप कसला? भोकावर नारळ ठेवा असं देवीने सांगितलं होतं का? रिटाला पूजेतलं कळत नसेल, ओव्हनमधलं कळतं. घाडींना दोन्ही कळत नाही. आणि हे विसरले म्हणता? गॅसचा वास आला तर आधी खिडकी उघड, मग दिव्याचं बटण, असं मला रोज ऐकवणारा माणूस?

मी निरीक्षकांना सगळं सांगून आले. रिटाही आली होती. घाडींनी तिला कामावरून काढलं. ते तुम्ही त्यांना विचारणार नाही.

सुमेध खुशाल येऊ दे. जेवू घालीन, दुसरं काम शोधू दे. त्या गाळ्यातच उभा करायचा असेल तर एवढं पढवून पाठवा. ओल्या पट्ट्या आधी बाहेर पंख्याखाली वाळवायच्या. वरचं भोक उघडं आहे ना, हे स्वतः पाहायचं. शेठ देव घेऊन आले तरी झाकू द्यायचं नाही. आणि चालू ओव्हन सोडून कुठे जायचं नाही. हे शेवटचं ह्यांनी मोडलं. भूक लागली होती. त्यांची चूक तेवढीच, आणि तीही निरीक्षकांना मीच सांगितली.

लोभ ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. नळाला पाणी आलं आहे. बादल्या लावते.

मीरा