भुजंगच्या दारावरचा पंजा

२ जून, नांदेड

सकाळी औशाहून निघाले, लातूरला एसटी बदलली आणि जेवायच्या वेळेला नांदेडात उतरले. अमृतराव सर स्वतः स्टँडवर आले होते. दोन जिल्ह्यांचं काम बघणारा माणूस कडक असेल असं वाटलं होतं, पण त्यांनी माझी बॅग उचलली आणि आधी उसाचा रस पाजला. आमची 'हातसाखळी' म्हणजे नांदेड-लातूरकडच्या लहान लहान संस्थांचं जाळं. पूर, गारपीट, भूकंप, काहीही आलं तर होडी कोणाकडे, ताडपत्र्या कोणाकडे, शंभर माणसांचा स्वयंपाक कोण करू शकतं, हे आधीच जुळवून ठेवायचं आणि वेळ आली की एका फोनवर सगळ्यांना हलवायचं. तो फोन आजपासून माझ्याकडे आहे.

ऑफिस बियाण्याच्या दुकानावर. माझी खोली मागच्या गल्लीत. दार निळं, खिडकीत कडुनिंब. घरमालकीण आरतीताई बोलक्या आहेत. मी फार खूश आहे.

चौथीपर्यंत मी घरीच शिकले. पायाची ऑपरेशनं चालू होती, म्हणून रुक्मिणआत्या अंगणवाडीतून आली की मला शिकवायची. वर्गात मी एकटीच, त्यामुळे पहिला नंबर माझाच. रोज रोजनिशी लिहायची आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हा तिचा नियम मी अजून पाळते.

माझ्या आधी हे काम सुकन्या बघत होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या पुरात गेल्या. त्यांचा पिवळा रेनकोट अजून ऑफिसातल्या खुंटीवर आहे. सर म्हणाले, लागला तर वापर. मी घडी घालून कपाटात ठेवला.

६ जून

ऑफिसचा नंबर जुनाच आहे आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो 'सुकन्याअक्का' या नावानं आहे. मी फोन केला की समोरचा सवयीनं, मोठ्या खुशीत 'बोला अक्का' म्हणतो. मग त्याला आठवतं. मग मी माझं नाव सांगते आणि त्याचा आवाज खाली येतो. नाव बदलून घ्या, असं प्रत्येकाला सांगितलं. सगळे हो म्हणाले. आज पुन्हा फोन केले, पुन्हा 'बोला अक्का'.

१० जून, पिंपळथडी

गुरुलिंगमामांच्या जीपमधून देगलूरच्या पुढे पिंपळथडीला गेले. मामा जाळ्याचे ड्रायव्हर, आणि पुरात होडीही तेच चालवतात. गाव मांजरा नदीच्या अगदी काठावर, शाळा टेकाडावर. पाणी चढलं की गावानं शाळेत जायचं.

इथे प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूचा पंजा आहे. मला वाटलं काही नवस असेल. पण ती सुकन्यांची पद्धत होती. घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडलं की त्यानं गेरूत हात बुडवून चौकटीवर उमटवायचा. पंजा दिसला की होडीवाल्यानं समजायचं, घर रिकामं आहे, पुढे चला. मामा हसत म्हणाले, इलेक्शनच्या टायमाला साहेब लोक आले आणि झाका म्हणाले हे सगळं. गावानं सांगितलं, आमची अक्का कुठल्याच पार्टीची न्हाई.

गल्लीच्या टोकाला भुजंग नावाच्या माणसाचं घर आहे. तो बायकापोरांसह आता कामाला शहरात असतो. सुकन्या त्याच घरात बुडाल्या. कुणी मागे राहिलंय का बघायला आत शिरल्या, आणि दारावर आधीच कुणाचा तरी पंजा होता. होडी आली, पंजा बघून परत फिरली. कुणाचा पंजा, हे कुणी सांगत नाही. घाईत लागला असंल कुणाचा, एवढंच.

केवळाबाई मावशींनी जेवू घातलं. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. मला वाढताना म्हणाल्या, अक्का दोन भाकरी जास्त खायाची.

१८ जून

पुराची पहिली रंगीत तालीम घेतली. सगळं गाव शाळेवर चढायला हवं होतं. अर्धेच आले. अक्का भोंगा वाजवायची तव्हा म्हातारे पळायचे, भागवत म्हणाला. भागवत गावच्या बचाव तुकडीचा म्होरक्या, ट्रॅक्टर त्याचाच. मी भोंगा वाजवला होता. तोच भोंगा.

अक्का नावानिशी बोलवायची. अक्का रागावली तरी गोड वाटायची. अक्काला पाण्याचा वास यायचा. मी सगळं ऐकून घेतलं. मेलेल्या बाईचा हेवा करणं हलकेपणाचं आहे, हे मला कळतं. तरी इथे खरं तेच लिहायचं आहे. मला हेवा वाटतो. दिवसभर काम मी करते आणि शाबासकी ती घेते. पिंपळथडीत मला अजून एकानंही नावानं हाक मारलेली नाही. मॅडम म्हणतात, नवी बाई म्हणतात, औशाची पोरगी म्हणतात.

१ जुलै

सरांनी माझी सूचना मान्य केली. गेरू पावसात अर्धवटच धुतला जातो, जुना पंजा कोणता आणि ताजा कोणता कळत नाही. म्हणून आता कडीला पांढरी चिंधी बांधायची, तीही बाहेर आल्यावरच. पूर ओसरला की सोडायची. सूचना चांगलीच आहे. ती चांगली आहे म्हणूनच दिली का, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर लिहिण्यासारखं नाही.

५ जुलै, पिंपळथडी

पंजे धुवून काढले. बायका दारांतून बघत उभ्या राहिल्या. भुजंगच्या दारापाशी मावशी आडव्या आल्या, हा पुसायचा न्हाई म्हणाल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. ऑफिसातल्या फोटोत सुकन्या भोंगा धरून उभ्या आहेत, त्यात त्यांची करंगळी अशीच वाकलेली आहे.

मी तो पुसला नाही, विचारलं, हा कुणाचा. मावशी पदराचं टोक पिळत म्हणाल्या,

"अक्काचाच हाय. आधी पंजा उमटवला आन मंग आत गेली. आमी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. तूबी सांगू नको, माय."

परत येताना जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मामांना मी हसताना दिसू नये म्हणून.

१२ जुलै, देगलूर

सांगितलं. सगळ्या गावांच्या तुकड्यांचं शिबिर होतं, सरही होते. मी फळ्यावर आकृती काढली आणि पंजा आधी लावला तर काय होतं याचं उदाहरण म्हणून नाव घेऊन सांगितलं. हे प्रशिक्षणासाठी गरजेचं होतं. यातून माणसं वाचतील.

मावशी उठल्या आणि बाहेर जाऊन एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या. भागवत एवढंच म्हणाला, "बाई, पंजा कुणी लावला ते तुमी बघितलंय का?"

मी म्हणाले, करंगळी बघितली आहे.

२१ जुलै, नांदेड

सकाळी दूध आलं नाही. खाली जाऊन दूधवाल्याला विचारलं, तर म्हणाला, तुम्ही खोली सोडली ना? वर आले तेव्हा दिसला. माझ्या निळ्या दाराच्या चौकटीवर पंजा. ओला. करंगळी वाकलेली.

गावातून कुणीतरी मुद्दाम आलं असणार. राग आहे त्यांचा. मी घासून काढला. बादलीतलं पाणी कितीतरी वेळ लाल येत राहिलं.

२९ जुलै

पुन्हा.

आरतीताईंनी एका नव्या भाडेकरूला खोली दाखवायला आपल्या मुलाला पाठवलं. मी आत जेवत होते. तो दारात उभा राहून त्या माणसाला म्हणाला, रिकामीच आहे, बघून घ्या. मी ताट घेऊन उभी राहिले तेव्हा दचकला, माफी मागितली. त्याआधी मात्र त्याची नजर माझ्यावरून आरपार गेली होती. मी पाहिलं आहे.

७ ऑगस्ट

गुरुलिंगमामा न्यायला आले आणि न भेटता गेले. फोन केला. ते म्हणाले, आवाज दिला की मी. दारावर खूण दिसली, म्हटलं तुमी पुढं गेलात.

त्यांना सांगितलं, मला कुणीतरी छळतंय. मामा म्हणाले, अक्कानंबी शेवटल्या महिन्यात हेच सांगितलं होतं. तिच्या खोलीच्या दाराला कुणाचा तरी हात लागतो म्हणून.

मग पिंपळथडीत पंजाची पद्धत कुठून आली, विचारलं. मामांना माहीत नाही. अक्का एके दिवशी हात लाल करून आली आणि म्हणाली, आपण ह्याचा उपयोग करू.

म्हणजे ही खूणसुद्धा तिच्याकडे आधी आली. मला भीती वाटायला हवी होती. पहिल्यांदा हेच वाटलं, की इथेही मी दुसरी.

१६ ऑगस्ट

आत्याला फोन केला. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी अक्षरा म्हणाले. ती म्हणाली, अक्षराचा आवाज असा न्हाई, आणि ठेवला.

करंगळी दुखते. सकाळी सरळ होत नाही.

ऑफिसात सर कुणालातरी फोनवर सांगत होते, की माझी खुर्ची बरेच दिवस रिकामी आहे, नवीन मुलगी बघावी लागेल. मी त्या खुर्चीवर बसले होते.

२० ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. रेनकोट घातला. पिवळा. घातल्यावर जिन्यात आरतीताई हसल्या, किती दिवसांनी दिसलात अक्का, म्हणाल्या. म्हणजे मी दिसले. काढवत नाही.

फोनवर 'बोला अक्का' म्हटलं की मी आता नाव सांगत नाही. त्यांची खुशी तशीच राहते. निदान ती माझ्या कानात तरी येते.

वरची ओळ लिहायला नको होती. खोडणार नाही.

२७ ऑगस्ट

मांजरा फुगली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार. सगळे फोन केले, होड्या लावल्या. पिंपळथडीला मी स्वतः जाते. एकदा हे गाव माझ्या हातानं पूर्ण बाहेर निघालं, एकही माणूस मागे न राहता, तर नाव माझं घेतील. घ्यावंच लागेल.

२८ ऑगस्ट, पिंपळथडी, सकाळ

गाव शाळेवर चढलं. केवळामावशी पण. त्यांनी मला बघून तोंड फिरवलं. मी मागच्या गल्लीत आहे. प्रत्येक घर बघते आणि बाहेर आल्यावर चिंधी बांधते. पाणी गुडघ्याला. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालते आहे. मामांची होडी शेवटची फेरी मारेल. शेवटचं घर भुजंगचं. कुलूप नाही—

त्याच दिवशी, माळ्यावर

आतून हाक आली. बाईचा आवाज. अक्षरा, म्हणून. या गावात पहिल्यांदाच कुणी माझं नाव घेतलं. मी गेले. मला वाटलं कुणीतरी—

आत कुणी नव्हतं. पाणी एकदम वाढलं, पाण्यानं दार ओढून बंद केलं, उघडत नाही. शिडीवरून माळ्यावर आले.

दाराला मी काहीच लावलं नव्हतं. ना चिंधी, ना गेरू. मला नियम माहीत आहे. मीच तो शिकवला.

होडी आली. पत्र्याच्या फटीतून मामा दिसले, भागवत दिसला. मी ओरडले, पत्रा बडवला. मामांनी मान वर केली, थेट माझ्याकडे. मग दाराकडे.

"चिंधी न्हाई, पण पंजा हाय. ओला हाय. रिकामं हाय घर."

फिरली. गेली.

माझा तळहात लाल आहे. मी गेरूला हात लावलेला नाही. आत्याची शपथ. करंगळी आता वाकलेलीच—

म्हणजे तिनंही लावला नव्हता. आणि मी देगलुरात, सगळ्यांसमोर, फळ्यावर—

भागवतनं विचारलं होतं, बघितलंय का. नव्हतं.

आता माझं म्हणतील. आधी पंजा लावला आणि मग आत गेली. शिबिरात सांगतील, माझं नाव घेऊन. माझं नाव, तेही असं—

पाणी शिडीच्या वरच्या पायरीला. मागे कोपऱ्यात कुणीतरी बसलं आहे. पिवळं काही नाही तिच्या अंगावर, ते माझ्या अंगावर. बघणार नाही. ती रागावलेली नाही. म्हणाली, "सरक जरा."

सरकले.

विचारलं, मलाच का. म्हणाली, तुझं सगळ्यांनी कौतुक केलं असतं गं. मला बघवलं नसतं.

माझं. माझं कौतुक.

नवी येईल. निळं दार, कडुनिंब, माझी खुर्ची. सर तिला रस पाजतील. मावशी तिला वाढतील, आणि ती चांगली असेल, सगळे तिला नावानं— नाही. ते मला बघवणार नाही. तिचं नाव काय असेल? आधी ते कळायला हवं, म्हणजे ती दारापाशी आली की मी आतून